धुवायची कुठे?

माउंटन बाईक विकताना दुकानदार पुष्कळ काही सांगतो. पुढच्या सस्पेन्शनला १०० मिलिमीटरचा ट्रॅव्हल, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, २९ इंची चाकं, त्यावर सव्वादोन इंच रुंदीचे दातेरी टायर. आपण सगळं कळल्यासारखी मान डोलावतो. ठाण्यात सातव्या मजल्यावर टू-बीएचकेत राहणाऱ्या माणसाने खरं तर एकच प्रश्न विचारायचा असतो आणि तोच राहून जातो: ही धुवायची कुठे?

उन्हाळ्यात हा प्रश्न पडत नाही. फडकं मारलं की काम झालं. पण जून लागतो, उपवनच्या वरचा डोंगर हिरवा होतो आणि वर्तकनगरातली बरी बरी माणसं रविवारी पहाटे उठून येऊरचा चढ चढायला लागतात. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा येऊरच्या तांबड्या मातीत मुरतो आणि ती माती पाड्यांकडच्या कच्च्या वाटांवर माझी वाट बघत बसलेली असते. टायर आणि फ्रेममधली बोटभर फट तिने एकदा भरली की चाक जागचं हलत नाही. मग उरलेली वाट सायकल आपल्यावर बसून पार करते.

जाणकार सांगतात, ओला चिखल पुसू नका, वाळू द्या, नुसत्या ब्रशने झडून जातो. शास्त्र अगदी बरोबर आहे. पण हा सल्ला देणाऱ्यांनी जुलैत ठाण्यात मुक्काम केलेला नसावा. इथे रुमाल इस्त्री करून वाळवावा लागतो. पायमोजे पंख्याखाली दोन रात्री काढतात आणि तरी सकाळी पायात गार लागतात.

म्हणून मी सायकल घेऊन पार्किंगमधल्या नळाकडे वळलो. तिथे पाटी आहे: ‘येथे गाडी धुण्यास सक्त मनाई’. वॉचमनकाकांनी पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ही गाडी नाही, सायकल आहे. हा मुद्दा त्यांच्या अधिकारात बसेना, म्हणून त्यांनी इंटरकॉम लावला आणि सेक्रेटरीकाका लेंगा-बनियनवर खाली उतरले.

“चाकं आहेत ना हिला?”

“आहेत.”

“मग गाडी.”

याच काकांनी, मी सायकलसाठी पार्किंग मागितलं तेव्हा, सायकल म्हणजे काही गाडी नव्हे असं मला लेखी कळवलं होतं. ते पत्र माझ्याकडे आहे. पण चिखलाने माखलेल्या माणसाने कायद्यावर बोलू नये, त्याचं बोलणं कुणी गांभीर्याने घेत नाही. मी गच्चीची किल्ली मागितली. तर गच्चीवर नुकतंच वॉटरप्रूफिंग झालेलं असल्यामुळे तिथे पाणी सांडायला बंदी होती. त्या क्षणी गच्चीवर धो धो पाऊस पडत होता. तो सोसायटीचा सभासद नसल्यामुळे त्याला नियम लागू नव्हता.

घोडबंदर रोडला गाड्या धुण्याची सेंटरं आहेत. तिथे एकदा गेलो होतो. पोरगा उत्साही होता. त्याने प्रेशरची गन उचलली आणि नेम धरला तो थेट मागच्या चाकाच्या मधोमध, हबवर. आता सायकलीत जिथे जिथे काही फिरतं, म्हणजे दोन्ही हब, दोन पेडलांच्या मधला बॉटम ब्रॅकेट, हँडलखालचा हेडसेट, तिथे आत बेअरिंग आणि ग्रीस असतं. वरचं रबरी सील पावसाला पुरतं, फवाऱ्याला पुरत नाही. पाणी आत शिरलं की ग्रीस जातं, गंज येतो आणि महिन्याभरात सायकल खरखरायला लागते. हे सगळं मी त्याला हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, “काका, बुलेट धुतो मी याने.” मग फवारा आवरता घेऊन त्याने टायरला लावायचा चकाकीचा स्प्रे काढला आणि ब्रेकच्या डिस्कच्या दिशेने हलवायला लागला, तेव्हा मात्र मी सायकल ओढून घेतली. पैसे टू-व्हीलरचे घेतले. तक्रारीला जागा नव्हती, चाकं दोनच होती.

तर उरली लिफ्ट. सहा फुटी सायकल आडवी मावत नाही, म्हणून मागच्या चाकावर उभी करायची आणि तिला मिठी मारून उभं राहायचं. तिसऱ्या मजल्यावर फिरायला निघालेले एक आजोबा दार उघडून आम्हा दोघांकडे बघतात, “येतो मागाहून” म्हणतात आणि जिन्याकडे वळतात. सातव्यावर पोचेपर्यंत लिफ्टमध्ये येऊरचा नकाशा उमटलेला असतो.

बाथरूमचं गणित मी टेप घेऊन मांडलेलं आहे. बाथरूमचा दरवाजा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर, चौकट धरून. हँडल ७८०. म्हणजे हँडल काटकोनात वळवायचं, पुढचं चाक आधी घालायचं आणि सोफा जिन्यातून चढवतात तशी सायकल तिरकी करत न्यायची. एवढं करून ती आत गेली, की बाथरूममध्ये फक्त सायकल मावते, धुणारा बाहेर राहतो. बाहेरून हात घालून धुतली तर भिंतीच्या पांढऱ्या टाइल्सवर जे काही उडतं ते बघून मावशींनी एकदाच सांगितलं, “दादा, माझं बोलणं झाडू-पोछ्याचं झालंय. शेतीचं नाही.”

शेवटी ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन सरकवलं की सायकल आणि मी असे दोघे उभे राहू शकतो, मी एका पायावर. सकाळचं पाणी तोवर गेलेलं असतं, सगळा खेळ बादलीवर. खरं म्हणजे एक बादली पुरते, नीट क्रम पाळला तर. वरून खाली यायचं: सीट, हँडल, फ्रेम, मग चाकं, आणि चेन अगदी शेवटी, तिच्यासाठी स्पंज वेगळा. तो स्पंज चुकून डिस्कला लागता कामा नये. चेन हा स्वतंत्र विषय आहे. शंभरावर कड्या, दर अर्ध्या इंचाला एक पिन, आणि प्रत्येक पिनेशी तेलात कालवलेली माती. खास लिक्विडची बाटली महाग पडते, भांड्यांचा लिक्विड सोपही ग्रीस उत्तम काढतो. जुना टूथब्रश घ्यायचा, पेडल उलटं फिरवायचं आणि घासत राहायचं. टूथब्रश जुना होता की नाही यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या, पुलीत अडकलेलं सागाचं पान मात्र तिने स्वतःच्या केसातल्या पिनेने काढून दिलं, हे मान्य केलं पाहिजे.

पुसून झाल्यावर मी चाक फिरवून ब्रेक दाबला. ओली डिस्क असली की ब्रेक ओरडतो, वाळला की गप्प होतो. पण तो आवाज आतल्या खोलीत गेला आणि आई शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आली. आमच्या घरात जे जे कुरकुरतं त्याला आई तेल घालते. दारं, झोपाळा, देवघराची कडी. कुपीचं नाक डिस्कच्या दिशेने वाकलेलं बघितल्यावर मी बादली ओलांडून मध्ये पडलो.

“आई, याला तेल चालत नाही!”

“लोखंडाला तेल चालत नाही?”

“ब्रेक पॅडमध्ये तेल मुरलं की ब्रेक लागत नाही. येऊरच्या उतारावरून थेट उपवनच्या तळ्यात.”

“मग किंचाळू दे,” म्हणून ती कुपी घेऊन परत गेली. चेनला मात्र तेल लागतं, दर पिनेवर एक थेंब, आणि वरचं जास्तीचं जुन्या बनियनने पुसून काढायचं. तेही मी तिच्यासमोर केलं नाही. कोण समजावणार.

एवढ्यात बेल वाजली. सहाव्या मजल्यावरच्या वहिनी. ड्राय बाल्कनीच्या जाळीवर चिखल बसला होता, पाणी तुंबून कडेच्या नळीतून बाहेर पडलं होतं, आणि नळीखाली, चार दिवसांनी ऊन पडलंय म्हणून, त्यांनी ग्रिलला डबलबेडची पांढरी चादर घातली होती. आता ती पांढरी नव्हती.

“भाऊजी, रागवत नाहीये मी,” वहिनी म्हणाल्या. “फक्त धुऊन द्या.”

चादर मशीनमध्ये दोनदा फिरली. दोऱ्या आमच्याच कपड्यांनी भरलेल्या. डबलबेडची चादर पसरायला घरात एवढी रुंद एकच वस्तू होती. आईने शांतपणे तिचं एक टोक हँडलवर टाकलं, दुसरं सीटवरून मागे सोडलं आणि वरून पंखा लावला. मी वहिनींना विचारलं, चादर कधीपर्यंत हवी आहे. कारण पुढच्या रविवारी सायकल लागणार होती.

“घाई नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “पूर्ण वाळू द्या.”