डिसेंबरातला फोटो, मार्चमधला फोटो: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. एकाच जागेवरून दरवर्षी फोटो घेऊन जंगल सुधारतंय का ते बघण्याच्या पद्धतीवर तुमचं म्हणणं असं की मे महिन्यातला उघडा डोंगर आणि सप्टेंबरातला हिरवा डोंगर शेजारी ठेवला की कुठलंही जंगल सुधारलेलं दिसतं. म्हणून फोटो सोडा, झाडं मोजा. पहिला मुद्दा अगदी बरोबर. दुसरा मला पटत नाही.

सह्याद्रीच्या पानझडी जंगलात पावसाळी फोटो पुरावा म्हणून धरूच नयेत. गवत, घाणेरी, रोपं, सगळंच हिरवं. डिसेंबरात गवत पिवळं पडलेलं असतं, ऐन-किंजळाची पानं टिकून असतात, त्यामुळे झाड वेगळं उठून दिसतं. रानमोडी हे तण तेव्हा पांढुरक्या फुलांवर असतं, तेही ओळखू येतं. दुसरी फेरी मार्चमध्ये, पानगळीनंतर, जमीन बघायला: पालापाचोळा साचतोय की माती उघडी पडून घळी वाढताहेत? झाडांच्या मोजणीत हे येत नाही. तक्ता तेवढंच सांगतो जेवढं त्या वेळी मोजलं; फोटोला दहा वर्षांनी नवा प्रश्न विचारता येतो.

खरी मेहनत जागा पक्की करण्यात आहे. दाट झाडीत जीपीएस सहज पाच-दहा मीटर चुकतं. म्हणून दगड जमिनीत पुरून ठेवावा (लोखंडी खांब चोरीला जातो), दोन मोठ्या झाडांपासून टेपने अंतर मोजावं, होकायंत्राचे अंश वहीत लिहावेत, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर धरावा. जुन्या फोटोची छापील प्रत हातात घेऊन जवळच्या खोडाची कड मागच्या डोंगरधारेला कुठे छेदते ते जुळवावं. एक पाऊल सरकलात तरी ते बिघडतं. दहा मीटरवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दोन मीटरची काठी उभी करावी, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. मोबाईल बदलला की लेन्सचा कोन बदलतो, त्या वर्षी दोन्ही फोनने फोटो घ्यावेत.

जंगल वाढलं की समोरचं रोपच काही वर्षांत दृश्य झाकून टाकतं. फांदी तोडू नका. तीही नोंदच आहे. शेजारी नवी जागा धरा आणि दोन वर्षं दोन्हीकडून फोटो घ्या.

कारवीच्या झुडपांच्या उतारावर जास्त जपावं लागतं. सात वर्षांनी ती एकदम फुलते आणि मरते; पुढच्या वर्षीचा उतार वणवा गेल्यासारखा दिसतो. फुलोऱ्याचं वर्ष लिहून ठेवलं नसेल तर तुलना फसलीच.

मोजणी हवीच: दगडाभोवती १० बाय १० मीटरचा चौकोन, खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर, लहान रोपं जातवार. पण तुमचा संशय सर्वांत जास्त लागू पडतो तो जागांच्या निवडीला. त्यासाठी नकाशावर चौकटी आखून चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि ज्या चौकटीत काहीच सुधारलं नाही तिचेही फोटो दरवर्षी बाकीच्यांसोबत द्यावेत.