रांगेतला डोनट आणि गुलाबी खोका

लेकीच्या हट्टापायी गेल्या शनिवारी मी पंचेचाळीस मिनिटं डोनटच्या रांगेत उभी होते. रात्री आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "रॉकेलच्या रांगा चुकवायला गेलात ना गं तिकडे?" आता यावर काय बोलणार!

दुकान एकदम झकपक. पाटीवर लॅव्हेंडर-लिंबू, मिसो-कॅरमेल, पिस्ता-गुलाब अशी नावं, आणि एक चक्क 'मसाला चाय'. सहा डोनटचे तेहतीस डॉलर झाले. काउंटरवरच्या मुलाने खोका असा अदबीने दोन्ही हातांनी दिला, जणू माझी ओटीच भरतोय. लेकीने गाडीत बसल्या बसल्या सतरा फोटो काढले, एकाचा अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "फार गोड आहे गं." उरलेले साडेपाच नवऱ्याने आणि मी दोन दिवस पुरवून खाल्ले. दुसऱ्या दिवशी ते इतके चिवट झाले होते की चहात बुडवायची वेळ आली. पाच डॉलरचा डोनट, आणि त्याचा झाला बटर!

रविवारी मराठी शाळेत मुलं बाराखडी गिरवत होती आणि आम्ही पालक बाहेर कॉफी पीत होतो. तिथे हाच विषय निघाला. ही महागड्या डोनटची दुकानं टिकणार का? एक जण म्हणाला, पाच वर्षांत साफ होतील. एक जण म्हणाली, कॉफीचंही असंच म्हणायचे, आता सहा डॉलरची कॉफी सगळे पितात. मी तेव्हा गप्प बसले, कारण टेबलावर आमच्या शाळेचा नेहमीचा गुलाबी खोका होता आणि मी त्यातला दुसरा डोनट संपवत होते. आता लिहिते.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात एकोणीस वर्षं राहतेय. इथे प्रत्येक मोठ्या चौकात दुकानांची एक बैठी चाळ असते. त्यात एक लाँड्री, एक नखं रंगवायचं दुकान आणि एक डोनटचं. पहाटे पाचला उघडतं, दुपारी एक-दोनला बंद. बाकड्यावर दोन म्हातारे लॉटरीची तिकिटं खरवडत बसलेले असतात. गल्ल्यावर बहुतेक वेळा एक कंबोडियन मावशी.

कंबोडियन का, हे मला पहिली सात-आठ वर्षं माहीत नव्हतं. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घेतली, तेव्हा जे निर्वासित अमेरिकेत आले त्यांत टेड न्गोय नावाचे सैन्यातले एक अधिकारी होते. बायकामुलांसह कॅम्प पेंडल्टन या इथल्या लष्करी तळावरच्या छावणीत उतरले, मग चर्चमध्ये झाडलोट आणि रात्री पेट्रोल पंपावर काम. तिथे शेजारच्या दुकानातून तळणीचा वास यायचा. त्यांनी डोनट खाल्ला आणि त्यांना घरचं 'नोम कोंग' आठवलं. तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं, वर ताडगुळाचा पाक. आपल्या घारग्याचं लांबचं भावंडच म्हणा. विंचेल्स या साखळी दुकानात ते काम शिकले, १९७७ मध्ये ला हाब्रा गावात स्वतःचं दुकान घेतलं, मग आणखी घेतली, आणि मागून येणाऱ्या नातेवाइकांना, गाववाल्यांना एकेक चालवायला देत गेले. इंग्रजी चार वाक्यांपुरतं आलं तरी भागायचं, आणि घरातली सगळी माणसं राबली की पगार द्यावा लागायचा नाही. बघता बघता इथली बहुसंख्य स्वतंत्र डोनट दुकानं कंबोडियन कुटुंबांकडे आली. (टेडभाऊंनी पुढे लास वेगासच्या जुगारात सगळं घालवलं. ती कथा वेगळी आणि मोठी आहे.)

गुलाबी खोकाही त्यांचाच. पांढऱ्या खोक्यापेक्षा गुलाबी पुठ्ठा काही सेंटांनी स्वस्त पडायचा, म्हणून तो घेतला. आज हॉलिवूडच्या सिनेमात ऑफिसची मीटिंग दाखवायची तर टेबलावर गुलाबी खोका असतो. चार पैसे वाचवायच्या नादात एका शहराची खूण ठरून गेली. मार्केटिंगवाल्यांनी डोकं आपटलं तरी असं जमणार नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की महागडा डोनट आभाळातून पडलेला नाही. या पहाटेच्या, दीड-दोन डॉलरच्या डोनटच्या खांद्यावर तो बसलाय. इथल्या माणसाच्या तोंडाला लहानपणापासून डोनटची चव असते. शाळेत वाढदिवसाला डोनट, चर्चनंतर डोनट, ऑफिसात शुक्रवारी डोनट. ती ओळख आधीच असल्यामुळे त्यावर मिसो-कॅरमेल ओतलं की गंमत वाटते.

न्यूयॉर्कमध्ये 'डोनट प्लांट' हे दुकान १९९४ पासून आहे, पोर्टलंडचं वूडू डोनट २००३ पासून. मेपलच्या पाकावर बेकनची पट्टी ठेवून ते लोकांना रांगेत उभं करतात. म्हणजे ज्याला आपण कालचं फॅड म्हणतोय ते मतदान करण्याच्या वयाचं झालंय! मग २०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सोहो भागात डॉमिनिक आन्सेल या फ्रेंच बेकरने क्रोनट काढला. क्रोसाँसारखे पदर असलेला, तळलेला डोनट. लोक पहाटेपासून फुटपाथवर बसायचे, माणशी दोनच मिळायचे, आणि बाहेर काळ्या बाजारात जास्त दराने विकले जायचे. जगभर नकला झाल्या. त्या नकला आज कुठे दिसतात? फारशा नाहीत. मूळ दुकान मात्र अजून चालू आहे, आणि तिथे दर महिन्याला क्रोनटची चव बदलते.

यापेक्षा मला कपकेकची गोष्ट जास्त बोलकी वाटते. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात कोणाचाही वाढदिवस असो, कपकेक यायचेच. क्रम्ब्स नावाची न्यूयॉर्कची कंपनी तर २०११ मध्ये थेट नॅसडॅक या शेअर बाजारावर गेली. आणि जुलै २०१४ मध्ये एका दिवसात तिने उरलेली जवळपास ५० दुकानं बंद केली. लोकांचं कपकेकवरचं प्रेम काही रातोरात आटलं नव्हतं. पण वाढदिवसाला खायची वस्तू विकायला रोजचं भाडं भरायचं म्हटल्यावर गणित कसं जुळणार? शिवाय कपकेक घरी कोणीही करतं. लेकीच्या वर्गातल्या निम्म्या आयांनी करून आणले असतील.

डोनट घरी कोणी करत नाही, ही त्याची जमेची बाजू. मी एकदा केले. यीस्टचं पीठ दोनदा फुगवायचं, गोल कापल्यावर पुन्हा फुगू द्यायचं, तेल साधारण एकशे ऐंशी-नव्वद अंशांवर धरून ठेवायचं, एकेका बाजूला मिनिटभर. तेल जरा थंड पडलं की डोनट ते पितो, जरा तापलं की बाहेरून करपतो आणि आत कच्चा. घरभर वास तीन दिवस, धुराची घंटा दोनदा वाजली. अनारसे परवडले, निदान ते हसले तर हसू देता येतात.

पण त्याचं आयुष्य अर्ध्या दिवसाचं, ही पडती बाजू. सकाळी सहाचा डोनट संध्याकाळी सहाला वेगळाच पदार्थ असतो. साखरेचा पापुद्रा घाम धरतो, पीठ चामट होतं. क्रिस्पी क्रीमसारखी १९३७ पासूनची कंपनीसुद्धा इथेच वारंवार ठेचकाळते. त्यांची सगळी जादू त्या लाल दिव्यात: दिवा लागला की डोनट गरम. तोच डोनट पेट्रोल पंपावर आणि सुपरमार्केटच्या फळीवर खोक्यात बसला की जादू संपली. अलीकडे त्यांनी मॅकडोनल्ड्सशी करार केला होता, दोनेक हजारांवर दुकानांत रोज डोनट पोचवायचा. जुलै २०२५ मध्ये तो गुंडाळला. पोचवायचा खर्चच निघेना. सगळीकडे मिळायला लागला की त्यासाठी वाट वाकडी कोण करणार?

आता आमच्या त्या झकपक दुकानाचा हिशोब मनातल्या मनात मांडा (मी रांगेत तेच करत होते, दुसरं काम नव्हतं). कॅलिफोर्नियात २०२५ साली किमान मजुरी ताशी साडेसोळा डॉलर. मागे चार मुलं, पुढे तीन. भाडं समुद्राजवळच्या भागातलं. लोणी, अंडी, पिस्ते. शनिवार-रविवार रांग, पण मंगळवारी सकाळी दहाला मी मुद्दाम जाऊन पाहिलं, आत दोन गिऱ्हाइकं. त्यातली एक मी, आणि मी फक्त कॉफी घेतली. मावशींच्या दुकानात मंगळवारी सकाळी सहाला सहा जणांची रांग असते: रंगारी, नर्स, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. ते फोटो काढत नाहीत. "नेहमीचं," एवढंच म्हणतात.

त्यामुळे माझं मत असं. गावात आज अशी पाच दुकानं असतील तर दोन राहतील. ज्यांना पीठ खरंच येतं, ती राहतील. ज्यांच्या डोनटवर बिस्किटं, गोळ्या, मार्शमेलो लादून खालचं पीठ लपवलंय, ती जातील, आणि त्यांच्या जागी दुबई चॉकलेट का काय ते येईल. पाच डॉलर ही किंमत मात्र जाणार नाही. एकदा चढलेली किंमत खाली आलेली मी तरी पाहिलेली नाही.

इथवर लिहून मी खूश होते. पण नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "तू मावशींना उगाच अमर करून ठेवलंयस." आणि ते खरं आहे. गुलाबी खोक्याची दुकानंच जास्त धोक्यात आहेत. रात्री एकला उठून पीठ मळणारी ती पिढी सत्तरीला आली. मुलं फार्मसिस्ट झाली, इंजिनियर झाली, आईबापांनी त्यासाठीच तर हाडं झिजवली. सील बीचच्या एका दुकानाची गोष्ट इकडे खूप गाजली होती, २०१८ ची. मालकाची बायको आजारी पडली. मदत म्हणून पैसे देऊ केले तर तो घेईना. मग गिऱ्हाइकं सकाळी लवकर येऊन डझनाडझनाने डोनट न्यायला लागली, का, तर माल लवकर संपावा आणि त्याला लवकर घरी बायकोजवळ जाता यावं. मला ही गोष्ट फार आवडते. पण त्यात हेही आहेच की दोन माणसांतलं एक पडलं की दुकान अर्धं होतं.

आणि गंमत बघा, यातली जी दुकानं पुढच्या पिढीने हातात घेतली, ती बऱ्याचदा या नटव्या डोनटमुळेच तरली. लॉस एंजेलिसमध्ये मुलींनी, भाच्यांनी आईबापांच्या जुन्याच कढईतून पांडाच्या तोंडाचे डोनट काढले, अक्षरांचे काढले, इन्स्टाग्रामवर टाकले आणि दुकानं चोवीस तास गजबजली. म्हणजे ज्याला मी फॅड म्हणून हिणवतेय त्याच्या पैशावर साध्या डोनटचा ट्रे चालू आहे. हे मला चार परिच्छेदांपूर्वी सुचायला हवं होतं, पण असो.

पुण्याची बहीण विचारेल, आमच्याकडचं काय? तिकडे उलटं झालं. तिकडे साधा, रोजचा डोनट आधी कधी नव्हताच. २००८ मध्ये मॅड ओव्हर डोनट्स आलं, बिनअंड्याचं, आणि थेट चॉकलेटने मढवलेलं. २०१२ मध्ये डंकिन ही अमेरिकन साखळी आली, तर थोड्याच दिवसांत त्यांना बर्गर विकायला काढावे लागले, कारण सकाळी पोहे-उपीट खाणारा माणूस न्याहारीला गोड कडं का खाईल? तिकडे डोनट मॉलमध्ये खायची, वाढदिवसाला न्यायची वस्तू. म्हणजे कपकेकचीच जागा. त्यामुळे पुण्यामुंबईत आता जी नवी बेकरीवाली मुलं उत्तम ब्रिऑश, म्हणजे लोणी-अंड्याच्या पिठाचे, डोनट करतायत, त्यांचे डोनट मला मनापासून आवडतात, पण त्यांच्यासाठी जीव धाकधूक करतो. त्यांच्याखाली खांदा नाही.

परवा सकाळी मावशींकडे गेले होते, शाळेचा खोका आणायला. ट्रेमध्ये नेहमीच्या ग्लेझ्ड आणि मेपल बारच्या मध्ये एक जांभळी ओळ दिसली. उबेचा, म्हणजे जांभळ्या कंदाचा पाक. साडेतीन डॉलर! मी भुवया उंचावल्या तर मावशी ओशाळल्यासारख्या हसल्या. "नात सांगते, घाल. मी घातलं." मी विचारलं, नात येते का दुकानात? "शनिवारी. उशिरा उठते," म्हणाल्या, आणि चिमट्याने एक जांभळा उचलून माझ्या डझनावर तेरावा ठेवला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

शाळेत खोका उघडल्यावर पहिला तोच गेला. कोणी खाल्ला कळलं नाही.