निर्मनुष्य निसर्ग तयार करण्याची रीत

तर तुम्हाला राष्ट्रीय उद्यान काढायचंय. छान. दऱ्या, धबधबे, आभाळाला टेकलेली झाडं हे सगळं आयतं मिळतं, त्यात तुमचं कसब नाही. कसब लागतं ते 'इथे कधी कुणी राहतच नव्हतं' हे पटवायला. त्यासाठी गुरू करायचा तर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीलाच करा.

सुरुवात अर्थातच झाडलोटीपासून. 1851 च्या मार्चमध्ये मारिपोसा बटालियन ही पलटण त्या दरीत उतरली. तिथे 'अहवानीची' या मूळ अमेरिकी जमातीची वस्ती होती. पलटणीने घरं जाळलीच, शिवाय ओकच्या फळांचे साठेही पेटवले. हा बारकावा लक्षात ठेवा. झोपडी माणूस चार दिवसांत पुन्हा उभारतो, पण हिवाळ्याची बेगमी कुठून आणणार?

मग बारसं. पलटणीतल्या बनेल नावाच्या गृहस्थाने डोंगरातल्या एका सुंदर तळ्याला त्या लोकांच्या म्होरक्याचं, तेनायाचं, नाव द्यायचं ठरवलं आणि पकडून आणलेल्या तेनायाला मोठ्या कौतुकाने ते सांगितलं. म्हातारा म्हणाला, तळ्याला नाव आहे की, पायविअ‍ॅक. बनेलने समजूत घातली: तुझी माणसं आम्हाला इथेच सापडली आणि ती आता इथे परत राहायला येणार नाहीत, म्हणून तुझं नाव. त्यावर तेनायाचा चेहरा पडला, असं बनेलनेच लिहून ठेवलंय. तोवर तेनायाच्या एका मुलाला याच मोहिमेत गोळी घातली गेली होती. बारशाला एवढी घाई बरी नव्हे, पण मुहूर्त कुणाला चुकलाय!

पुढे 1864 मध्ये लिंकनच्या सहीने ही दरी 'लोकांच्या' विरंगुळ्यासाठी राखली गेली. लोक म्हणजे कोण, हे कायद्यात लिहायच्या भानगडीत पडू नका. ज्याला कळायचं त्याला कळतं.

पाहुणे येऊन दरीतली मोकळी कुरणं बघतील आणि म्हणतील, वा, देवाने काय बाग लावलीय! त्यांना दुरुस्त करू नका. ती बाग अहवानीचींनी ठरावीक काळाने झुडपं जाळून राखलेली होती. जाळणं बंद करा, कुरणात पाइन आणि सीडर दाटू द्या. मग शंभरेक वर्षांनी तुमचे तज्ज्ञ बेताने आग लावतीलच. तेव्हा ती शास्त्रोक्त म्हणायची.

आता इतकं झाडूनही थोडी मंडळी शिल्लक राहतातच. खोल्या साफ करायला, सरपण फोडायला ती लागतातही. त्यांचा मेळा भरवा. योसेमिटीत 1916 पासून 'इंडियन फील्ड डेज' भरायचे. या लोकांची घरं सीडरच्या सालीची, पण पर्यटकाला हवे कातडी तंबू आणि पिसांचे टोप. मग हजार मैलांवरच्या मैदानी जमातींचा पोशाख यांच्या अंगावर. मेळे संपले, की घरं. शेवटची 1969 मध्ये पाडली.

कृष्णवर्णीयांना आत घ्यायचं का? पहाऱ्याला असतील तर खुशाल. 1903 मध्ये शेजारच्या सेकोया उद्यानाचा कारभार कॅप्टन चार्ल्स यंग बघत होते. जन्म गुलामगिरीतला, हाताखाली कृष्णवर्णीय घोडदळ, आणि त्या एका उन्हाळ्यात जायंट फॉरेस्टपर्यंत रस्ता करून मोकळे. पण डबा घेऊन सहकुटुंब यायचं म्हटलं, तर व्हर्जिनियातल्या शेनॅन्डोआ उद्यानाने 1939 मध्ये लुईस माउंटनवर वेगळी जागा काढली होती. पाटी होती 'निग्रो एरिया'. 1950 पर्यंत हे चाललं. गावात वेगळा पाणवठा राखणाऱ्यांची आपण नातवंडं, ही पायरी आपल्याला कुणी शिकवायला नको.

सॅन होजेहून पहाटे निघून तुम्ही तेनाया लेकला पोचलात, की आधी फोटो काढा आणि खाली लिहा, 'माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग'. धाकटीने विचारलंच तेनाया कोण, तर म्हणा, असेल कुणी मोठा माणूस, तळ्याला नाव दिलंय म्हणजे मान होता त्याला. आणि ठेपल्यांचा डबा उघडा, गार होतायत.