मीनाला कर्तबगार नाटकानं नाही केलं

अमेरिकी नाटककार केट हॅमिल यांच्या स्त्रीवादी ‘ड्रॅक्युला’ नाटकानं मूळ कादंबरीतल्या अबला मीना या नायिकेला उगाच कर्तबगार केलं, असा मजकूर फिरतोय. हे साफ चूक आहे. ड्रॅक्युलाशी लढणारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग आणि वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण रेनफिल्ड या पुरुष पात्रांना स्त्रिया केलं ते हॅमिल यांनीच, हे मान्य. पण ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या कादंबरीतच मीना लघुलिपी जाणते, डायऱ्या टाइप करून तारखेनुसार लावते, एकदम तीन प्रती काढते. रक्तपिपासू ड्रॅक्युला हस्तलिखित जाळतो, तेव्हा तिजोरीतली प्रतच शाबूत राहते. तो आपल्या गढीकडे नदीमार्गानं परतणार, हेही नकाशे धुंडाळून तीच ताडते. आणि तिला जपायचं म्हणून सोबतचे पुरुष तिला ड्रॅक्युलाविरुद्धच्या बेतातून वगळतात, नेमका तेव्हाच तिच्यावर हल्ला होतो. हे सगळं स्टोकर यांचंच लिखाण आहे.