बकथॉर्न म्हणजे हिमालयातलं बोर नाही, आणि साल तर अजिबात उकळून पिऊ नका

आठवडाभर आमच्या कोथरूडच्या सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की बकथॉर्न म्हणजे हिमालयातलं बोर, त्याचं फळ-पान-साल सगळंच औषधी, साल रोज उकळून प्यायली की पोट साफ, वजन कमी, आणि नैसर्गिक असल्यामुळे अपाय काहीच नाही. माझ्या मावशीने हे वाचून ऑनलाइन पुडी मागवली पण. आत तपकिरी, वळलेले सालीचे तुकडे, वर नुसतं ‘बकथॉर्न’, झाड कुठलं त्याचा पत्ताच नाही!

आधी बोराचं बघू. लडाख, लाहौल-स्पितीत होतं ते सी बकथॉर्न, शास्त्रीय नाव हिप्पोफी, चंदेरी पानं, काटे आणि फांदीला चिकटून नारिंगी आंबट फळं. तिकडे लोक त्याचं कुंपण करतात, जळण म्हणून वापरतात, फळाचा रस काढतात, लेहच्या डीआरडीओच्या लॅबने त्या रसाचं पेय बनवलं आणि २०२३ मध्ये लडाखच्या फळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. व्हिटॅमिन सी भरपूर, हे फॉरवर्डमधलं खरंय. पण त्याचं कूळच वेगळं. मार्केट यार्डात येणारी आपली चमेली, उमराण ही बोरं खऱ्या बकथॉर्नच्या म्हणजे ऱ्हॅम्नसच्या कुळातली, सी बकथॉर्न त्या कुळातलं नाही, बकथॉर्न हे फक्त त्याचं इंग्रजी नाव.

आता साल, आणि माझा खरा जीव इथेच अडकलाय. औषधात जी बकथॉर्नची साल वापरायचे ती हिमालयातली नाहीच, एक युरोपातल्या फ्रँग्युला नावाच्या झुडपाची आणि दुसरी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, कॅस्कारा. दोन्ही जुलाबाची औषधं. तिथले जुने जाणकारसुद्धा ताजी साल देत नसत, वर्षभर वाळवून मुरवायचे, कारण ताज्या सालीने उलट्या होतात, पोटात कळा येतात. युरोपातल्या काळ्या फळांच्या ऱ्हॅम्नसचं तर शास्त्रीय नावच कॅथार्टिका, म्हणजे रेचक. अपाय नाही म्हणणाऱ्यांनी हेही वाचा की अमेरिकेत २००२ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कॅस्काराला प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून काढलं, कंपन्यांनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावाच दिला नव्हता.

वजनाचं पण तसंच, ही साल काम करते मोठ्या आतड्यात आणि खाल्लेलं त्याच्या आधीच लहान आतड्यात अंगी लागलेलं असतं, म्हणजे काट्यावर जे कमी दिसतं ते बरंचसं पाणी, आणि रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं, मावशीला बीपीची गोळी चालू आहे, तिला हे किती महागात पडलं असतं!

सी बकथॉर्नचा रस आवडत असेल तर प्या, रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पुडी घेताना हिप्पोफी लिहिलंय की ऱ्हॅम्नस की फ्रँग्युला ते बघा, काहीच लिहिलं नसेल तर घेऊच नका. मावशीची पुडी मी काल उचलून माझ्या घरी आणलीये.