सिकलसेलबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

आमच्या कोल्हापुरातल्या पेठेच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की सिकलसेलमध्ये (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) ऑक्सिजन कमी झाला की त्याच क्षणी सगळ्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात आणि पाणी पिण्याचा याच्याशी काहीच संबंध नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ऑक्सिजन सुटला तरी हिमोग्लोबिन एस, म्हणजे या आजारात लाल पेशीत असणारं बदललेलं हिमोग्लोबिन, लगेच गोठत नाही, आधी थोडा वेळ काहीच दिसत नाही, मग एकदा का रेणू एकत्र येऊन पहिल्या धाग्याचं बीज धरलं की त्या धाग्याच्या अंगावरच नवे धागे फुटत जातात आणि पेशी भसकन विळ्यासारखी होते. गुऱ्हाळावर पाक बघा, पातळ असताना कण धरत नाही, घट्ट झाला की धरतो, साधारण तसंच समजा. हा थांबण्याचा वेळ लई महत्त्वाचा, कारण बारीक केशवाहिनीतून पेशी साधारण एका सेकंदात पार होते, त्यामुळे बऱ्याच पेशी धागे व्हायच्या आत निसटून फुफ्फुसाकडे जातात.

1974 साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर प्रचंड अवलंबून असतो, म्हणजे 15 ते 30 व्या घाताने. दाटपणा 10 टक्क्यांनी कमी झाला तर 15 वा घात धरूनसुद्धा वेळ जवळपास 5 पट वाढतो! अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आटते, दाट होते, म्हणून पाणी प्यायला सांगतात. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी घेतल्यावर गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, ते या धाग्यांत बसत नाही, त्यामुळेही वेळ वाढतो. मेसेज वाचून कुणी गोळी किंवा पाणी बंद करू नका, प्लीज.