क्लॅथ्रिनचे काम नेमके कोणते? एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पेशीपटलावर टोपली विणणाऱ्या क्लॅथ्रिन या प्रथिनाविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, क्लॅथ्रिनसारखी आवरण-प्रथिने म्हणजे पुटिकेभोवतीचे, अर्थात पटलापासून सुटून माल वाहणाऱ्या सूक्ष्म पिशवीभोवतीचे, निव्वळ वेष्टन असून मी त्यांना नको तेवढे मोठे केले आहे. पटल वाकवण्याचे आणि पुटिका तोडण्याचे खरे बळ ॲक्टिन (पेशीतले तंतू बनवणारे प्रथिन) व डायनॅमिन (पुटिकेची मान आवळून तोडणारे प्रथिन) यांचे असते, आणि क्लॅथ्रिन काढून टाकलेले यीस्ट जगते, तेव्हा त्याला अनिवार्य म्हणता येणार नाही, असेही आपण लिहिले आहे.

आधी माझ्या चुका. एंडोसायटोसिस, म्हणजे शालेय पुस्तकातले पेशीय भक्षण, क्लॅथ्रिनवाचून होतच नाही असा अर्थ माझ्या एका वाक्यातून निघतो, आणि तो बरोबर नाही. मेदरेणूच्या आधाराने पटलाला बांधलेली काही प्रथिने क्लॅथ्रिनला वगळून आत जातात, आणि या मार्गावर महत्त्वाचे काम आपल्याच देशात, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, सत्यजित मेयर यांच्या गटाने केले आहे. दुसरे असे की, 'क्लॅथ्रिन माल निवडते' हे विधानही सैल होते, कारण क्लॅथ्रिन स्वतः पटलाला चिकटतच नाही. दोन्ही वाक्ये मी आज दुरुस्त केली आहेत. 'वेष्टन' हा शब्द मात्र मला मान्य नाही.

हे आवरण प्रथम कुठे ठळकपणे दिसले ते पाहावे. 1964 साली रॉथ आणि पोर्टर यांनी एडिस इजिप्ती डासाच्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पावसाळ्यात नागपुरातल्या बंद पडलेल्या कूलरच्या टाकीत ज्याच्या अळ्या वळवळताना दिसतात, तोच हा डास. मादीने रक्त प्यायले की तिच्या अंडपेशीच्या पृष्ठभागावर आतून लव असल्यासारखे दिसणारे खड्डे कित्येक पटींनी वाढतात आणि त्यांतून पीतक बनवणारे प्रथिन आत ओढले जाते. त्या लवेलाच पुढे आवरण म्हटले गेले, आणि 1970च्या दशकाच्या मध्यात बार्बरा पिअर्स यांनी त्यातले मुख्य प्रथिन वेगळे करून त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिले. आजूबाजूच्या द्रवात अनेक प्रथिने असताना एकच नेमके प्रथिन साठवून आत घेणे, ही या आवरणाची पहिल्यापासूनची ओळख आहे. वेष्टन आत काय गुंडाळले आहे ते पाहत नाही, हे आवरण पाहते.

ते कसे, हा या विषयाचा गाभा आहे. पटल आणि क्लॅथ्रिन यांच्यामध्ये ॲडॅप्टर प्रथिने असतात. त्यांतले एपी-२ चार उपघटकांचे बनलेले असून ते एकाच वेळी दोन गोष्टी चाचपते: पटलाच्या आतल्या बाजूचा विशिष्ट फॉस्फोलिपिड आणि ग्राहीच्या, म्हणजे बाहेरचा माल पकडणाऱ्या पटलावरील प्रथिनाच्या, आतल्या शेपटीतला अमिनो आम्लांचा छोटासा क्रम. यातली प्रत्येक पकड एकटी इतकी कमकुवत असते की ती लगेच सुटते, पण दोन्ही जुळल्या आणि वर क्लॅथ्रिनची जाळी आली की सगळे मिळून टिकते. निवड आणि बांधणी अशी एकाच कृतीत होते.

हे पुस्तकी नाही, याची साक्ष रुग्ण देतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा माग काढताना असा एक रुग्ण अभ्यासला की ज्याच्या पेशींवरचा एलडीएल-ग्राही एलडीएलला (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाला) व्यवस्थित पकडत होता, परंतु खड्ड्यात जमतच नव्हता. त्या ग्राहीच्या शेपटीतल्या टायरोसिन या एका अमिनो आम्लाच्या जागी सिस्टीन आले होते, एवढाच काय तो फरक. कोलेस्टेरॉलच्या नियमनावरील संशोधनासाठी त्या दोघांना 1985चे नोबेल मिळाले. याहून बोलका दाखला अशा कुटुंबांचा आहे, ज्यांच्यात ग्राही पूर्ण निर्दोष असून एआरएच नावाचे ॲडॅप्टर सदोष असते. तरीही यकृत एलडीएल आत घेऊ शकत नाही आणि रक्तातले कोलेस्टेरॉल वाढतच राहते. आवरणातला एक दुवा निखळला की काय होते, ते यावरून कळते.

बळाबद्दलचा आपला आक्षेप अधिक वजनदार आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनींनी मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून षटकोन केले आणि चिकटपट्टीने जोडले, तेव्हा टेबलावर सपाट चादर तयार झाली. मधला एक षटकोन काढून तिथे पंचकोन बसवताच ती चादर हाताखालून आपोआप वर उचलली गेली. षटकोन कितीही असोत, जाळी पूर्ण मिटायला पंचकोन बाराच लागतात. क्लॅथ्रिनचा तीन पायांचा रेणू, ट्रिस्केलियॉन, अशा जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर बसतो, आणि अशा 28 रेणूंचा सर्वांत लहान पिंजरा 12 पंचकोन व 4 षटकोन यांचा होतो. परंतु पुठ्ठा आणि पटल यांत फरक आहे. जाळी आधी सपाट पसरून मग वाकते की पहिल्यापासून वाकतच वाढते, यावर आजही वाद आहे. पटलावर ताण जास्त असेल तेव्हा ॲक्टिनचा हातभार लागतोच, आणि आतून मोठा दाब असलेल्या यीस्टच्या पेशीत तर त्यावाचून चालतच नाही. इथे आपले बरोबर आहे.

डायनॅमिनसाठी आपण शिबिरे या, डायनॅमिनच्या जनुकात दोष असलेल्या, फळमाशीचा दाखला दिला आहे. तो माझ्याच बाजूने बोलतो, असे मला वाटते. या उत्परिवर्तित माशा 29-30 अंशांवर, म्हणजे मार्चमधल्या नागपूरच्या खोलीत सहज मिळेल एवढ्या उष्णतेत, लुळ्या पडतात. तेव्हा त्यांच्या चेताटोकांत मान आवळलेले पण न तुटलेले खड्डे साचलेले दिसतात. मान तोडणे थांबले, तरी खड्डा त्याआधीच तयार झालेला असतो.

यीस्ट जगते, हे 1985पासून ज्ञात आहे. ते मंद वाढते, इतकेच नव्हे, तर पेन आणि शेकमन या संशोधकांना त्यात आणखी एक गोष्ट आढळली. गॉल्गी पिंडात राहायला हवे असलेले केक्स-२ हे विकर क्लॅथ्रिनअभावी पेशीच्या पृष्ठभागावर निसटते, त्यामुळे मीलनाचा संकेत देणारा रेणू नीट कापला न जाता अर्धवट अवस्थेत बाहेर पडतो. म्हणजे पेशी जगते, पण कोणते प्रथिन कुठे राहावे, ही तिची व्यवस्था ढासळते. शिवाय आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गीकडे जाणाऱ्या वाटेवर कॉप-२ हे वेगळे आवरण असते, आणि त्याच्या मुख्य घटकांवाचून यीस्टही जगत नाही.

शेवटी एक मुद्दा, जो मूळ लेखात यायला हवा होता. आवरण उतरले नाही, तर पुटिका पुढच्या पटलात मिसळू शकत नाही. एचएससी-७० हे प्रथिन ऑक्झिलिनच्या मदतीने एटीपी खर्चून ती जाळी सोडवते आणि सुटे ट्रिस्केलियॉन पुन्हा कामाला लागतात. ऑक्झिलिनच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना कोवळ्या वयात पार्किन्सनसारखा आजार होतो. आपण नागपुरातच राहता असे लिहिले आहे. कधी सवड झाली तर प्रयोगशाळेत अवश्य या. पुठ्ठ्याची ती जाळी अजून टेबलावर आहे, आणि ती न फाडता सोडवता येते का, हे विद्यार्थिनी सध्या करून पाहत आहेत.